गच्चीवरचा भाजीपाला शिकताना: सांगलीतल्या प्रशिक्षणाचा माझा अनुभव

शहरी शेतीच्या प्रशिक्षणाला नाव घालताना मला वाटायचं, सगळा भर बियांवर असेल. प्रत्यक्षात पहिला भाग पाणी आणि वजन यांतच गेला, आणि काम मिळतं तेही त्याच्याच जोरावर.

वजन आधी. वापरातल्या स्लॅबसाठी साधारणपणे चौरस मीटरला १५० किलो एवढा वापराचा भार धरतात. २० लिटरची बादली ओल्या मातीने भरली की ३० किलोच्या पुढे जाते. म्हणून मातीऐवजी हलकं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखत निम्मं-निम्मं, थोडी निंबोळी पेंड, आणि जड कुंड्या बीमच्या रेषेवर. मधोमध नाही. वॉटरप्रूफिंगला तडे असतील तर काम घेऊच नये, असं माझं मत. गळती तुमच्याच नावावर लागते.

कोकोपीटची ५ किलोची वीट भिजून ७० लिटरच्या आसपास होते. तिच्यात मीठ असतं, सोडियम आणि पोटॅशियम. साध्या पाण्याने धुतलं तर मोकळं मीठ जातं, तंतूंना चिकटलेलं राहतं. त्यासाठी विटेला १०० ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट पाण्यात विरघळवून रात्रभर भिजवायचं, म्हणजे कॅल्शियम त्या सोडियमची जागा घेतं. मग निचरा करून पुन्हा धुवायचं. निघालेल्या पाण्याचा ईसी (विद्युत वाहकता, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप) १ mS/cm च्या खाली आला पाहिजे. इथे सांगली-मिरजेची गोम आहे: आपल्याकडे बऱ्याच बोअरचं पाणी खारं. त्याच पाण्याने धुवत बसलात तर आकडा उतरतच नाही. नळाचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी वापरायचं. ईसी मीटर स्वतःचा घ्या, दुसऱ्याच्या भरवशावर राहू नका.

रोपांसाठी ९८ कप्प्यांचा ट्रे. बी अर्धा सेंटिमीटर खोल, वर कोकोपीट, मग ट्रे एकावर एक रचून प्लास्टिकने झाकायचे. टोमॅटो चार-सहा दिवसांत उगवतो, मिरची आठवड्याच्या पुढे. कोंब दिसले की त्याच दिवशी ट्रे उजेडात पसरायचे. एक दिवस उशीर झाला की रोपं लांबुडकी होतात, ती पुढे सुधारत नाहीत. बुंध्याशी काळी पडून कोलमडली तर बहुतेक वेळा कारण एकच: संध्याकाळी दिलेलं जास्त पाणी. ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) आधी मिसळलेलं असेल तर मदत होते, कोलमडल्यावर नाही. टोमॅटो २५ दिवसांत तयार, मिरचीला ४० लागतात. लावण्याआधी चार-पाच दिवस पाणी कमी करून उन्हाची सवय लावायची.

परीक्षेला बाहेरचा मूल्यमापक येतो, प्रात्यक्षिक करून दाखवायला लावतो. प्रमाणपत्र जोडून कामं मागितली, तर लोक विचारतात, ‘आठवड्याला याल का?’ बाग बसवून देणारे पुष्कळ, पण मावा-पांढरी माशी अशी कीड बघायला, खत द्यायला नेमाने येणारा माणूस मिळत नाही. दर लावताना हीच देखभाल आधी धरावी. बसवण्याचे पैसे एकदाच येतात.