रांगेतला तास

आज सातवीच्या पीटीच्या तासाला घड्याळ लावून बघितलं. ३५ पैकी ८ मिनिटं हजेरी आणि रांगा लावण्यातच गेली. मग ४० मुलं, एक चेंडू, एकच रांग! शेवटच्या मुलीच्या हाती चेंडू जेमतेम दोनदा आला. घाम आला तो फक्त मला, ओरडून ओरडून. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं दमवणारी हालचाल हवी म्हणते, आणि माझ्या तासाला मुलं उभीच.

दुपारी तासाच्या आखणीचं जुनं टाचण फाडलं. आता पाच-पाच जणांचे ८ गट, चेंडू कमी पडले तर कापडाचे, सुरुवातीलाच पकडापकडी आणि हजेरी त्या गडबडीतच. बाद झालेल्याने बाहेर बसायचं नाही, दुसऱ्या गटात जायचं. उद्या आठवीवर प्रयोग.