प्रोसेसर तोच, मग आकडा वेगळा कामून?

परभणीतल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी लॅबचं काम बघतो. मे महिन्यात सिम्युलेशन लॅबसाठी मशीनं घ्यायची होती, दोन डीलरनी डेमोला एकेक पीसी आणून लावला. दोन्हीत इंटेलचा आय-सेव्हन १२७००, दोन्हीत १६ जीबी रॅम. कमिटीच्या सरांनी सिनेबेंच, म्हणजे प्रोसेसरचा वेग मोजून आकडा देणारं सॉफ्टवेअर, चालवलं तर गावातल्या डीलरचं मशीन जवळपास पाचव्या हिश्श्यानं मागं. झालं, लगेच सुरू, "माल डुप्लिकेट दिसायलाय, नाव काटा." त्या डीलरचं पोरगं तिथंच उभं, तोंड एवढंसं झालेलं, म्हणायलं, "सर, सीलबंद डबा तुमच्यासमोरच फोडला की."

मला ते बघवलं नाही. म्हणलं सर, उद्यापर्यंत काही लिहू नका, आधी दोन्ही मशीन एका टेबलावर येऊ द्या.

कारण एक मशीन होतं एचओडींच्या एसी केबिनमध्ये आणि ह्याचं हॉलमध्ये, जिथं पंखा सुद्धा गरम हवा फेकत होता. शेजारी ठेवून, विंडोजचं अपडेट थांबवून, पॉवर प्लॅन सारखा करून परत चालवलं, तर फरक थोडा कमी झाला पण गेला नाही. मग बायोस, म्हणजे मशीनची मूळ सेटिंग, उघडलं आणि तिथं सापडलं. ह्या प्रोसेसरची बेस पॉवर ६५ वॅट आणि टर्बोची, म्हणजे जोरात पळतानाची, कमाल १८० वॅट, म्हणजे कंपनीच्या हिशोबानं थोडा वेळ जोर लावायचा आणि मग ६५ वर यायचं. गावातल्या डीलरचा मदरबोर्ड हा नियम पाळत होता, दुसऱ्या बोर्डात ही विजेची लिमिट जवळजवळ काढूनच टाकलेली. चिप तीच, एकीला वीज जास्त, मग आकडा वेगळा येणारच ना!

दोन्हीला ६५ लावलं, आकडे जुळले. दोन्हीची लिमिट काढली, तरी जुळले, पण डब्यातल्याच कूलरवर तापमान १०० डिग्रीला टेकायला लागलं आणि क्लॉक, म्हणजे चिपचा वेग, खाली यायला लागला. आमची पोरं तासन् तास सिम्युलेशन लावून ठेवतात, त्यांना पहिल्या मिनिटाचा आकडा काय कामाचा? म्हणून सिनेबेंचची एकच फेरी न घेता दहा मिनिटांची टेस्ट परत परत घेतली, दरवेळी मशीन थंड होऊ देऊन, आणि मधला आकडा धरला.

अजून एक, जे कुणी बघितलंच नव्हतं. दुसऱ्या मशीनमध्ये रॅमची १६ जीबीची एकच स्टिक, गावातल्याच्यात ८ च्या दोन. सिनेबेंचला ह्याचा फारसा फरक पडत नाही, पण आमच्या सिम्युलेशनला मेमरीचा वेग लागतो आणि दोन स्टिकनं तो वाढतो, तिथं दोन स्टिकवालं मशीन सरळ पुढं गेलं. म्हणजे ज्याला बाद करायले होते त्याचंच मशीन आमच्या कामाला बरं!

सर म्हणले एवढं कोण बघत बसतंय. अहो, जगात बघतात. स्पेक नावाची संस्था १९८८ पासून हेच करते, कॉम्प्युटरचा वेग मोजायच्या टेस्ट आणि त्यांचे नियम ठरवते. त्यांच्यात बेस, म्हणजे साध्या, निकालासाठी एका भाषेतल्या सगळ्या प्रोग्रामला कंपायलरची (प्रोग्रामचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरची) सेटिंग एकच ठेवावी लागते, प्रत्येकाला वेगळी ट्यूनिंग करायची तर ती पीक म्हणून वेगळी दाखवायची. आणि २०२४ मध्ये त्यांनी इंटेलच्या कंपायलरवरचे २६०० च्या वर निकाल अवैध ठरवले, कारण कंपायलरमधली एक सुधारणा त्या टेस्टच्याच प्रोग्रामसाठी बेतलेली निघाली. एवढ्या मोठ्या कंपनीला नियम सोडत नाही तर आपण परभणीत एका पोराला अंदाजावर डुप्लिकेट म्हणायचं?

रिपोर्टमध्ये दोन्ही लिमिटचे आकडे, खोलीचं तापमान, बायोसचं व्हर्जन, रॅमच्या स्टिक, सगळं लिहिलं. 'डुप्लिकेट' हा शेरा सरांनी स्वतः खोडला. आता टेंडरच्या कागदातच टेस्टच्या अटी आधी छापल्या जातील, आणि मशीन लावताना दोन्ही डीलर समोर हजर पाहिजेत, हे मी कमिटीच्या सह्यांसकट फाईलला लावून घेतलंय.