तुम्ही विचारलंत म्हणून: किती चाली पुढचे पाहता?

ठाण्याच्या नौपाड्यात संध्याकाळी मुलांना बुद्धिबळ शिकवतो, तेव्हा न्यायला आलेले पालक हमखास विचारतात, “सर, तुम्ही किती चाली पुढचं बघता?” माझ्या उत्तराने त्यांची निराशा होते, कारण बहुतेक वेळा मी एकच चाल पुढची पाहतो आणि तीही माझी नव्हे, समोरच्याची.

हे मला एका पराभवाने शिकवले. ठाण्यातल्याच एका स्पर्धेत, हत्तीने सातव्या आडव्या पट्टीतले प्यादे मारले तर काय होईल, याचा मी पाच चालींपर्यंत हिशेब केला आणि समाधानाने हत्ती उचलला. माझ्या पहिल्या पट्टीची राखण तोच हत्ती करत होता आणि राजा स्वतःच्याच तीन प्याद्यांमागे कोंडलेला होता, हे मात्र पाहिले नाही. जेमतेम बारा वर्षांच्या मुलीने आपला हत्ती शेवटच्या घरापर्यंत सरकवला, मात दिली आणि घड्याळ थांबवले.

तेव्हापासून समोरच्याची चाल झाली की त्या चालीने कोणते घर सुटले आणि कोणता मोहरा मोकळा झाला, हे मी आधी पाहतो. मग दोन्ही बाजूंचे शह, मोहरे मारण्याच्या चाली आणि धमक्या, याच क्रमाने; कारण शहाला उत्तरे मोजकी असतात आणि उत्तरे मोजकी असली की हिशेब लांबवर नेता येतो. त्यानंतर दोन-तीन उमेदवार चाली, म्हणजे खेळण्याजोग्या वाटणाऱ्या चाली, निवडतो. सोव्हिएत ग्रँडमास्टर कोतोव यांचा आग्रह होता की अशा चालीतून पुढे फुटणारी प्रत्येक फांदी एकदाच तपासावी. मला ते कधीच जमले नाही, कारण तिसऱ्या चालीत सुचलेली कल्पना पुष्कळदा पहिल्या चालीलाच अधिक शोभते.

डच मानसशास्त्रज्ञ डी ग्रूट यांनी खेळाडूंना मोठ्याने विचार करायला लावून केलेला अभ्यास १९४६ मध्ये मांडला. त्यात ग्रँडमास्टर इतर चांगल्या खेळाडूंपेक्षा फार खोल पाहताना आढळले नाहीत. त्यांना योग्य चाली लवकर दिसत होत्या, इतकेच.

चाल ठरल्यावरही एकदा पट नवख्याच्या नजरेने पाहायचा असतो. त्यासाठी पूर्वी खेळाडू चाल आधी लिहून काढत. फिडे या जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या नियमांना आता ते चालत नाही. म्हणून माझ्या वर्गातला एक अधीर मुलगा दोन्ही तळवे मांड्यांखाली दाबून बसतो आणि पुटपुटतो, “आता तो काय करेल?”