तिन्ही एक्स असूनही
आज ऐरोलीच्या ऑफिसात लिनक्सवर एक स्क्रिप्ट चालवताना ‘परमिशन डिनाइड’ (परवानगी नाही) या एका ओळीने दोन तास खाल्ले. स्क्रिप्टला सीएचमॉड प्लस एक्स दिलं होतं, म्हणजे चालवायची परवानगी; फाइलींची यादी दाखवणाऱ्या एलएसमध्ये मालक, गट आणि इतर असे तिन्ही एक्स ठसठशीत दिसत होते, सुडो लावून रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी युजरच्या, हक्काने चालवलं तरी तेच. टीममधली नवी मुलगी ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळ्या परवानग्या, द्यायला निघाली, तिला थांबवलं. ती सवय वाईटच. शेवटी कुठलं पार्टिशन कसं जोडलंय ते दाखवणारी माउंट कमांड चालवली आणि स्क्रिप्ट होती त्या डेटा पार्टिशनसमोर ‘नोएक्झेक’ (इथलं काही थेट चालवायचं नाही) दिसलं! पार्टिशन कशी जोडायची ते ठरवणाऱ्या एफएसटॅब फाइलमध्ये कुणीतरी नुसतं ‘युजर’ (साध्या युजरलाही जोडू देणारा पर्याय) लिहिलं होतं. त्याच्याबरोबर नोएक्झेक आपोआप येतं, आणि मग रूटचंही चालत नाही. ‘युजर’नंतर ‘एक्झेक’ जोडलं, पार्टिशन रिमाउंट केलं, म्हणजे नव्याने जोडलं, आणि स्क्रिप्ट पळाली. ठाण्याची नेहमीची लोकल चुकली, पण त्या मुलीचा खुललेला चेहरा पाहून फार बरं वाटलं.