भिंतीकडचा वाफा: सव्वा वर्षाची नोंद

मागच्या पावसाळ्यात अळूचे फोटो टाकले होते, तेव्हा बऱ्याच जणांनी कंद मागितले. मी "बघतो, बघतो" म्हणत टाळलं. का टाळलं ते आता सांगतो: त्या वाफ्याच्या मातीत जुन्या रंगातलं शिसं निघालं.

आमचं साताऱ्याचं घर जुनं आहे. परस बारा बाय वीस फुटांचं. मागच्या भिंतीला लोखंडी गजांच्या दोन खिडक्या, खाली धुण्याचा दगड आणि दगडाचं पाणी जिथे मुरतं तिथे अळू. आईच्या हातचा वाफा. त्या पावसाळ्याच्या आदल्या दिवाळीआधी रंगकाम काढलं, तेव्हा रंगाऱ्याने गज पत्रीने खरवडले. हिरव्या ऑइलपेंटखाली निळा, त्याखाली करडा आणि अगदी तळाला भडक शेंदरी थर निघाला. "काका, हा जुना माल, आता मिळत नाही," रंगारी कौतुकाने म्हणाला. पोपडे उचलायचा कंटाळा आला म्हणून मी ते खराट्याने अळूतच ढकलले.

मे

नात अडीच वर्षांची. परसात बसली की चिमूट चिमूट माती तोंडात जाते. रक्त कमी असेल म्हणून बालरोगतज्ज्ञांकडे नेली. हिमोग्लोबिन कमी निघालंच, पण त्यांनी शिशाची तपासणीही करायला लावली. रक्तात शिसं 6.1 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर निघालं. अमेरिकेत 2021 पासून मुलांसाठी 3.5 च्या वर गेलं की लक्ष घालतात. या पातळीला शिसं उतरवायचं औषध देत नाहीत. ते कुठून येतंय ते शोधून बंद करायचं, एवढंच हातात असतं. डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न होता, "घरात अलीकडे रंग खरवडलाय का?"

मी गप्प झालो.

पोटात गेलेल्या शिशातलं मोठ्या माणसाच्या अंगात साधारण दहावा हिस्सा मुरतो, लहान मुलांच्या निम्म्यापर्यंत. त्यात लोह कमी असेल तर आणखी. म्हणजे माती खाणारं, अंगात रक्त कमी असलेलं मूल हे शिशाला आयतंच सापडतं.

जून

आधी वाटलं होतं, माती परीक्षण म्हणजे सोपं काम. चुलतभावाच्या शेताची मृदा आरोग्य पत्रिका बघितली: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मंगल (मँगनीज), बोरॉन, सामू (माती आंबट की खारी ते सांगणारा आकडा, pH), क्षारता, सेंद्रिय कर्ब. बारा गोष्टी, आणि शिशाचा पत्ता नाही. ती पत्रिका पिकासाठी आहे, खाणाऱ्यासाठी नाही. शेवटी पुण्याच्या एका खासगी प्रयोगशाळेत "जड धातू" असं स्पष्ट लिहून नमुना पाठवला.

इथे माझी पहिली चूक झाली. शेतात घेतो तसा नमुना घेतला. नागमोडी चालत आठ ठिकाणी व्ही आकाराचे खड्डे, सगळी माती घमेल्यात एकत्र, चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवायचे, अर्धा किलो उरेपर्यंत. निकाल आला 236 मिलिग्रॅम प्रति किलो. अमेरिकेने राहत्या घरांच्या मातीसाठीचा सावधगिरीचा आकडा 2024 मध्ये 400 वरून 200 वर आणला, त्याच्या जरासा वर. म्हटलं, फार काही नाही.

मुलगा म्हणाला, "बाबा, पोपडे तर एकाच कोपऱ्यात पडले ना?"

बरोबर होतं. शेतासाठी सरासरी चालते, कारण तिथे पीक एक आणि खत एक. इथे सगळं विष एका भिंतीशी आणि मी ते अख्ख्या परसात वाटून पातळ केलं होतं. पुन्हा तीन वेगळे नमुने पाठवले. भिंतीलगत 612, मधल्या वाफ्यात 96, विहिरीकडे 31. पैसे दुप्पट गेले. तुम्ही करणार असाल तर पहिल्यापासूनच वेगळे घ्या आणि जिथे मूल खेळतं तिथली वरची दोन बोटं माती स्वतंत्र द्या. वीस सेंटिमीटर खोलीची माती मुळांच्या कामाची, मूल चाटतं ती वरची धूळ.

शेंदरी थराबद्दल थोडं. गेरूसारखा तांबूस तपकिरी असतो तो रेड ऑक्साइड, लोखंडाचा. आमच्या गजांवर होता तो रेड लेड, म्हणजे शिशाचा. देवाला लावतात तो पारंपरिक शेंदूरही मूळचा हाच. घरगुती रंगात शिसं 90 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 90) आत ठेवायचा नियम आपल्याकडे 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीचा कुठलाही थर कोरडा खरवडू नका. ओला करून काढा आणि खाली प्लास्टिक अंथरा.

जुलै

"मोहरी लावा, सगळं शोषून घेते," असा सल्ला तीन जणांनी दिला. सूर्यफूल सुचवणारे दोघे. शिसं मातीच्या कणांना घट्ट धरून बसतं, पाल्यात फारसं चढत नाही. चढावं म्हणून प्रयोगात मातीला ईडीटीए (धातू सुटे करणारं रसायन) देतात, पण त्याने शिसं सुटं होऊन पाण्याबरोबर खालीही जातं. आमची विहीर पंधरा फुटांवर आहे. शिवाय चढलंच, तर ती मोहरी टाकायची कुठे? कंपोस्टमध्ये? गांडुळंही शिसं पचवत नाहीत, हे जाता जाता.

आमची माती काळी, चुनखडीची, सामू 7.9. अशा मातीत शिसं जागेवरच बसून राहतं, त्यामुळे चुना टाकायची गरज नव्हती. कोकणातल्या आंबट जांभ्या मातीवाल्यांनी मात्र सामू आधी बघावा.

मग अळूत धोका कसला? एका जोराच्या सरीनंतर पान उलटं करून पाहिलं. वरून लखलखीत, पाण्याचा थेंब ठरत नाही. पण मागच्या बाजूला, शिरांच्या काखेत आणि देठाच्या खोबणीत, शिंतोडे उडून बसलेल्या चिखलाचे बारीक ठिपके. पानं आम्ही नळाखाली भराभर धुतो, तेही वरूनच. ती पानं उलटी ठेवून बेसन लावलेल्या वड्या किती वर्षं खाल्ल्या, ते मोजलं नाही.

ऑक्टोबर

पाऊस थांबल्यावर काम काढलं. अळू मुळासकट उपटला. माती शिंपडून ओली केली, तोंडाला मास्क लावला, दिसतील तेवढे पोपडे आणि वरची तीन इंच माती भिंतीपासून तीन फुटांपर्यंत काढून पोत्यात भरली. सहा पोती. खाली जाड जिओटेक्स्टाइल (पाणी झिरपू देणारं कापड), वर दहा इंच तपासलेली पोयटा माती आणि शेणखत. त्यात खायचं काही लावलं नाही. जास्वंद आणि तगर. मधल्या वाफ्यात भेंडी, वांगी, दोडका. फळभाज्यांत शिसं सगळ्यात कमी जातं. जमीन उघडी दिसणार नाही इतकं उसाचं पाचट पसरलं, म्हणजे धूळही नाही आणि शिंतोडेही नाहीत. मुळा, गाजर, पालक सगळं ड्रममध्ये. दाराशी पायपुसणं आणि बादली.

सहा पोती अजून जिन्याखाली आहेत. घंटागाडीत द्यावीत तर पुढे कुणाच्या तरी खतात मिसळायची. कुणी असं काम निभावलं असेल तर सांगा.

यंदा, ऑगस्ट

नातीचा आकडा डिसेंबरात 4.4 होता, आता 3.2. लोहाचं औषध चालू आहे आणि माती खाणं जवळपास सुटलंय. श्रेय परसाला किती आणि औषधाला किती, ते मला वेगळं काढता येणार नाही.

वाईच्या मावशींकडून अळूचे नवे कंद आणून दोनशे लिटरच्या ड्रममध्ये लावले होते. जुन्या वाफ्यातला एकही ठेवला नाही. पानं हातभर झालीत, रविवारी वड्या झाल्या. बाजूला पिल्लं फुटलीत. या वेळी मागा, देतो.