बाबांच्या वाट्याचं पाणी

एका माणसाच्या चार तासांच्या डायलिसिसला 120 लिटर पाणी लागतं. मशीनमधून मिनिटाला 500 मिली द्रव गाळणीच्या एका बाजूनं वाहतो, दुसऱ्या बाजूनं रक्त, आणि मध्ये फक्त एक पातळ पडदा असतो. त्यामुळे नळाचं पाणी चालत नाही. त्यातलं क्लोरीन रक्तात उतरलं तर तांबड्या पेशी फुटतात. वाळूची गाळणी, कोळशाची टाकी, सॉफ्टनर आणि मग आरओ, एवढं सगळं पार करून पाणी आमच्या टाकीत येतं. पेशंटच्या नातेवाइकांना खोलीत मशीन दिसतात. मागच्या खोलीतला आरओ प्लँट कुणाला दिसत नाही, आणि सगळं चालतं त्याच्या जिवावर.

सोलापूर जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी मी डायलिसिस टेक्निशियन आहे. पाच मशीन, दोन शिफ्ट. पंढरपूर जवळ, त्यामुळे आषाढीला आमचे हाल ठरलेले. एसटी वारीकडे वळलेल्या असतात, पेशंट वेळेवर पोचत नाहीत, आणि एकादशी उलटली की शेंगदाण्याचं कूट, बटाटे, रताळी, खजूर खाऊन पोटॅशियम चढलेली माणसं येतात. रक्तात ते फार वाढलं तर हृदय थांबू शकतं. उपास करू नका म्हणून सांगायचं तरी किती?

या आषाढीला सकाळची शिफ्ट संपत आली होती. टीव्हीवर पहाटेच्या शासकीय महापूजेची दृश्यं पुन्हा दाखवत होते. तेवढ्यात मागून जळका वास आला. आरओच्या मोठ्या पंपाची मोटर गेली होती. ही मोटर आवाज करते, हे मी देखभालीच्या कंत्राटदाराला दोनदा लेखी कळवलं होतं. त्यांचा माणूस आला, वहीत सही केली, चहा पिऊन गेला. अशा सह्यांची आमच्याकडे एक अख्खी फाईल आहे. आता इंजिनिअर पुण्याहून निघाला खरा, पण टेंभुर्णीपासून पुढं गाडी सरकत नव्हती.

टाकीच्या नळीवर मी पेनानं खूण केली. तळाचं पाणी पंपाला उचलता येत नाही, ते सोडून साधारण 230 लिटर हाताशी होतं. दुसऱ्या शिफ्टचे पाचजण बाहेर बसलेले. डॉक्टरांनी सोलापूरच्या किडनीतज्ज्ञांना फोन लावला, दोघांची तब्येत बरी पाहून त्यांना दुसऱ्या दिवशी बोलावलं. तिघं उरले.

त्यातली एक चोवीस वर्षांची मुलगी. सासरच्यांनी आजार कळल्यावर माहेरी आणून सोडलेली. आई स्वतःची किडनी द्यायला तयार आहे, रक्तगट जुळत नाही. (किडनी द्यायला पुढं येणाऱ्यांत मी आया आणि बायकाच जास्त पाहते. घरातले बाप्ये विचार करून सांगतो म्हणतात.) एसटी नाही म्हणून मुलीचं आधीचं डायलिसिस चुकलं होतं. अंगात पाणी साठून वजन 4.8 किलो वाढलेलं, पोटॅशियम 6.9, आडवं निजवलं की जीव कासावीस होत होता. सोलापूरला पाठवायचं तर त्या गर्दीत ॲम्ब्युलन्स कधी पोचणार? तिला पूर्ण चार तास देणं भाग होतं, म्हणजे 120 लिटर गेले. दुसरे एक मास्तर. त्यांना प्रवाह 300 वर आणून तीन तास द्यायचे ठरले, म्हणजे 54 लिटर. दोन्ही मशीनच्या तपासणीला, धुण्याला चाळीसेक लिटर. हिशेब तिथंच संपत होता.

तिसरे बाबा, आम्ही सगळे त्यांना असंच म्हणतो. माळकरी, गावात शिवणकाम करतात. साखरेच्या आजारानं किडन्या जाईपर्यंत दरवर्षी दिंडीबरोबर चालत जायचे. डाव्या हाताला फिस्टुला आहे, म्हणजे सुया घालता याव्यात म्हणून शस्त्रक्रियेनं धमनीला जोडलेली शीर. सुई घालायच्या आधी मी बोटांनी त्याची थरथर बघते, स्टेथोस्कोप लावून घरघर ऐकते. बाबांचा फिस्टुला चार वर्षं टिकलाय, आणि त्यात माझ्या हाताचा वाटा आहे हे मी अभिमानानं सांगते. सारखं त्याच जागी टोचलं की शीर फुगते. मी दर वेळी जागा थोडी वर सरकवत नेते. सुई आत जाताना बाबा "विठ्ठल" म्हणतात, आणि टेप लावून झाली की मला, मशीनला, फरशी पुसणाऱ्या मावशींना, सगळ्यांना हात जोडतात. फुले जन आरोग्य योजनेत उपचार फुकट होतात, त्याबद्दल सरकारलाही जोडतात. सुरुवातीला मला वाटायचं, ही त्यांची सवय असेल. चार वर्षं जवळून पाहिल्यावर सांगते, ते मनापासून करतात.

त्यांच्या घरातली व्यवस्था मी इतर पेशंटना सांगते. बाबांना दिवसाला सगळं मिळून 700 मिली पाणी. आजी, म्हणजे त्यांच्या पत्नी, सकाळी पितळेचा छोटा गडू भरतात. चहाचं पाणी त्यातलंच, गोळी गिळायचं त्यातलंच, देवळातलं पळीभर तीर्थ घेतलं तर तेवढं गडूतून काढून तुळशीला घालतात. सून भाज्या बारीक चिरून भरपूर पाण्यात उकडते आणि ते पाणी ओतून देते, पोटॅशियम कमी व्हावं म्हणून. नातू कॅलेंडरवर वजन लिहितो. एकादशीला कूट न घालता नुसती भगर. चार वर्षं हे सगळं घर उन्हाळ्यातसुद्धा त्यांची तहान सांभाळतंय.

त्या दिवशी बाबांचं वजन तीन दिवसांत 1.1 किलो वाढलं होतं. पायावर सूज नाही, छाती स्वच्छ, पोटॅशियम 4.9. डॉक्टरांनी केसपेपर पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. दोघांनाही तेच दिसत होतं, बोलत कुणीच नव्हतं.

बाबाच म्हणाले, "माउली, मला आज नगं. उद्याच्याला घ्या. त्या पोरीला आधी मशिनीला लावा."

डॉक्टरांनी त्यांना पुन्हा तपासलं, किडनीतज्ज्ञांना विचारलं, रात्री दम लागला तर लगेच या म्हणून बजावलं. बाबांनी एकच गोष्ट मागितली, हे मुलीला सांगू नका. मी मुलीला मशीनवर घेतलं. सगळं पाणी एकदम काढलं तर बीपी कोसळतं, म्हणून अडीच किलोच काढायचं ठरवलं. दुसऱ्या तासाला तिचा श्वास खाली बसला आणि ती झोपली. तिची आई दाराशी उभी राहून रडत होती.

आजी मात्र बाबांवर चिडल्या होत्या. व्हरांड्यात पिशवी उचलता उचलता म्हणाल्या, "ह्ये बोलून मोकळं हुत्यात. उद्या म्हंजी आज निम्माच गडू." आणि बाबा मान डोलवत होते.

आषाढीच्या दिवशी, त्या दमट हवेत, साडेतीनशे मिली.

रात्री अकराला इंजिनिअर पोचला, दोनला पंप सुरू झाला. मी पाणी तपासून पहाटे पाचला मशीन लावली. बाबा सहाला हजर. वजन आणखी फक्त 300 ग्रॅम वाढलेलं. "विठ्ठल" झालं, हात जोडून झाले. पलीकडच्या खाटेवर ती मुलगी उरलेलं पाणी काढायला आली होती. बाबांनी तिला फक्त जेवलीस का विचारलं.

त्यांची श्रद्धा मोठी, हे सगळे म्हणतात आणि खरंच आहे. पण मला राहून राहून गडू आठवतो. आजींनी तीन दिवस पाणी मोजलं नसतं, सुनेनं भाजीचं पाणी ओतून दिलं नसतं, तर बाबांच्या मनात कितीही आलं असतं तरी डॉक्टरांनी त्यांना घरी पाठवलंच नसतं. त्या मुलीला मिळालेले चार तास त्या घरानं थेंबाथेंबानं साठवलेले होते. आणि जो इतकं पाळतो, त्यालाच आम्ही थांबवलं. वैद्यकीयदृष्ट्या निर्णय बरोबर होता, मी आजही तोच घेईन. तरी त्या हिशेबात मला न्याय सापडत नाही. एक जादा पंप असता तर कुणालाच काही द्यावं लागलं नसतं. ह्यांच्या चांगुलपणावर आमची यंत्रणा चालते आणि वर त्याचं कौतुक होतं, याचा मला राग येतो.

आजींना नंतर विचारलं, राग गेला का? म्हणाल्या, "त्या पोरीच्या आईला बघितलं आन् गेला. पर तुमचा पंप बघा पयला."

जादा पंपासाठी मी वरिष्ठांना पत्र दिलंय. बाबांचं नाव घातलं नाही. टाकीचा हिशेब सगळा लिहिला, किती लिटर होतं, कुणाला किती दिलं, किती जणांना परत पाठवलं. अजून उत्तर नाही. सोमवारी स्वतः जाणार आहे. आजींना म्हटलं, तुम्हीही चला, तुमचं ते ऐकतील.

"येते की," म्हणाल्या, "गडू घिऊनच येते."