छिंदवाड्याहून सांगलीच्या मंडळीत: सभासदत्व वर्ग करण्याचा माझा अनुभव

मार्टिन ल्यूथरच्या शिकवणीतून निघालेल्या ल्यूथरन मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वाढलेल्या माणसाला सांगलीत आल्यावर पहिला प्रश्न पडतो तो रविवारी उपासनेला जायचे कुठे, हा. भारतातील ल्यूथरन मंडळ्यांचे मोठे प्रदेश इथून दूर आहेत. तमिळनाडूत 1706 साली थरंगमबाडीला उतरलेल्या झिगेनबाल्ग यांच्यापासूनची परंपरा आहे, आंध्रात गुंटूरची मंडळी आहे, रांचीला 1845 मध्ये आलेल्या गॉसनर मिशनची आहे आणि मध्य प्रदेशात स्वीडिश मिशनऱ्यांच्या कामातून उभी राहिलेली, छिंदवाड्याला मुख्यालय असलेली आमची मंडळी आहे. माझे माहेर त्या जिल्ह्याच्या मराठी बोलणाऱ्या दक्षिण पट्ट्यातले. घरात मराठी आणि उपासनेत हिंदी अशा दोन्ही भाषांत मी वाढले, तिथेच माझा बाप्तिस्मा आणि दृढीकरण, म्हणजे समजत्या वयात आपला विश्वास जाहीर करण्याचा विधी, झाले आणि माझ्या मुलीचा बाप्तिस्माही तिथेच झाला. यजमानांना कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी मिळाली आणि आम्ही विश्रामबागेत राहायला आलो, तेव्हा हा प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला.

सांगली-मिरजेचा ख्रिस्ती इतिहास अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचा आहे. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी मिरजेत 1894 साली उभारलेल्या रुग्णालयामुळे तो साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्या 1924 मध्ये एकत्र आल्या, आणि पुढे 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा मंडळ्यांच्या ऐक्यातून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली. या सहांमध्ये अँग्लिकन होते, बॅप्टिस्ट होते, ब्रदरन, डिसायपल्स आणि मेथडिस्टही होते, पण ल्यूथरन नव्हते. त्यामुळे इथल्या मंडळीत आपण पाहुणे म्हणून बसायचे की सभासद व्हायचे, याचा निर्णय आम्हाला विचारपूर्वक घ्यावा लागला. परगावाहून आलेली बरीच कुटुंबे वर्षानुवर्षे पाहुणी म्हणूनच येत राहतात. मला ते पटत नव्हते. ज्या मंडळीच्या प्रार्थनेवर आपण आजारपणात विसंबतो, तिच्या वार्षिक सभेत आणि तिच्या खर्चाच्या जबाबदारीतही आपले नाव असले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

कागदपत्रांचा भाग अपेक्षेपेक्षा सोपा निघाला. छिंदवाड्याच्या पाळकसाहेबांकडून आम्ही शिफारसपत्र मागवले. त्यात कुटुंबातील प्रत्येकाचे नाव, बाप्तिस्म्याची तारीख, दृढीकरण झाले असल्यास त्याची तारीख आणि आम्ही मंडळीचे नियमित सभासद असल्याचा दाखला होता. या पत्रासोबत बाप्तिस्म्याच्या नोंदवहीचा उतारा आधीच घेऊन ठेवावा, असे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे मुलांचे लग्न मंडळीत लावायचे झाले म्हणजे हाच कागद प्रथम विचारला जातो आणि तेव्हा दूरच्या गावी पत्रव्यवहार करत बसणे फार जड जाते.

आमच्या घरच्या वडीलधाऱ्यांना एक धास्ती होती, ती म्हणजे इथे पुन्हा बाप्तिस्मा घ्यायला सांगतील का. सांगलीच्या पाळकसाहेबांनी ती पहिल्याच भेटीत दूर केली. चर्च ऑफ नॉर्थ इंडियात बालपणीचा बाप्तिस्मा आणि समजत्या वयातील बाप्तिस्मा या दोन्ही पद्धतींना मान्यता आहे, कारण ऐक्यात आलेल्या मंडळ्यांमध्ये दोन्ही चालत होत्या, आणि पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने एकदा झालेला बाप्तिस्मा पुन्हा करण्याचा प्रश्नच येत नाही. पत्र मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचकमिटीपुढे ठेवले गेले, मंजूर झाले आणि एका रविवारी उपासनेत आमची नावे वाचून दाखवण्यात आली. आम्ही पुढे जाऊन उभे राहिलो आणि सारी मंडळीही आमच्यासाठी उभी राहिली. मुलीचे नाव मात्र बाप्तिस्मा झालेल्यांच्या यादीत लागले, प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाचा विधी, घेणाऱ्यांच्या यादीत नव्हे, कारण तिचे दृढीकरण बाकी होते.

प्रभुभोजनाशी जुळवून घ्यायला मला स्वतःला वेळ लागला. माझ्या लहानपणापासूनच्या सवयीत आपण वेदीपाशी जातो, गुडघे टेकतो आणि भाकर हातात घेतो. इथे प्रेस्बिटेरियन वळणाने आपण जागेवरच बसून राहतो आणि मंडळीचे नेमलेले वडील (एल्डर) भाकर आणि लहान पेले रांगारांगांतून फिरवतात. बाहेरून हा फरक रीतीचा दिसतो, पण त्यामागे जुना वाद आहे. 1529 च्या ऑक्टोबरमध्ये मारबुर्गच्या किल्ल्यात मार्टिन ल्यूथर आणि स्वित्झर्लंडचे धर्मसुधारक झ्विंग्ली यांची बैठक झाली, तेव्हा पंधरापैकी चौदा कलमांवर एकमत झाले आणि अडले ते प्रभुभोजनाच्या अखेरच्या कलमापाशी. भाकर आणि द्राक्षारस यांच्यासह प्रभूचे शरीर व रक्त खरोखर दिले जाते, हा ल्यूथरचा आग्रह होता आणि मी त्याच शिकवणीत वाढले. मी हे पाळकसाहेबांपुढे स्पष्टपणे मांडले. त्यांनी माझी समजूत बदलण्याचा प्रयत्न केला नाही. युरोपातील ल्यूथरन आणि रिफॉर्म्ड (प्रेस्बिटेरियन ज्या परंपरेतले, त्या) मंडळ्यांनी 1973 मध्ये लॉयेनबर्ग येथे करार करून एकमेकांना प्रभूच्या मेजाशी स्वीकारले, हे त्यांनी मला सांगितले आणि भोजनापूर्वीचा आत्मपरीक्षणाचा भाग, जो ल्यूथरन परंपरेत पापांगिकाराच्या रूपाने महत्त्वाचा असतो, तो घरी आदल्या संध्याकाळी करावा असे सुचवले. आमच्या घरात ती रीत आता रुजली आहे. प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारी रात्री जेवणानंतर आम्ही तिघे एकत्र बसतो आणि आठवडाभरात एकमेकांशी कसे वागलो ते एकमेकांपुढे बोलतो.

मुलीच्या दृढीकरणाच्या वर्गात खरी कसोटी लागली. छिंदवाड्यात आजीने तिच्याकडून ल्यूथरची लहान प्रश्नोत्तरी, म्हणजे 1529 मध्ये त्याने घराघरांतील आईवडिलांसाठी लिहिलेले ते छोटेसे पुस्तक, हिंदीतून पाठ करून घेतले होते. पहिल्याच वर्गात दहा आज्ञांपैकी पाचवी आज्ञा कोणती असे विचारल्यावर तिने ‘खून करू नको’ असे उत्तर दिले, आणि बाकीच्या मुलांनी ‘आपला बाप व आपली आई यांचा मान राख’ असे सांगितले. दोन्ही उत्तरे बरोबर होती. बायबलमधील निर्गमाच्या विसाव्या अध्यायात आज्ञांना क्रमांक दिलेले नाहीत. ल्यूथरने ऑगस्टीनपासून चालत आलेली मोजणी ठेवली, तीत मूर्तींविषयीचे वचन पहिल्या आज्ञेतच येते आणि लोभाविषयीच्या शेवटच्या वचनाच्या दोन आज्ञा होतात. रिफॉर्म्ड परंपरेने मूर्तींविषयीची आज्ञा दुसरी म्हणून वेगळी धरली आणि लोभाची एकच ठेवली, म्हणून मधल्या साऱ्या आज्ञा एका अंकाने पुढे सरकतात. वर्ग घेणाऱ्या बाईंनी हे पुढच्या आठवड्यात फळ्यावर दोन रकाने आखून सर्व मुलांना समजावले, आणि त्यामुळे माझ्या मुलीला सर्वांसमोर आपण चुकलो असे वाटण्याचा प्रसंगच आला नाही. या बाईंचे मला फार कौतुक वाटते.

त्यानंतर त्यांनी मला एक विनंती केली. लहान प्रश्नोत्तरीत प्रत्येक आज्ञेनंतर ‘याचा अर्थ काय?’ असा प्रश्न येतो आणि उत्तरात काय करू नये याबरोबर काय करावे हेही येते. खोट्या साक्षीच्या आज्ञेखाली तर शेजाऱ्याची बाजू घ्यावी, त्याच्याविषयी चांगले बोलावे आणि त्याच्या वागण्याचा शक्य तितका चांगला अर्थ लावावा, असे सांगितले आहे. हा भाग मराठीत सांगून मुलांशी बोलावे, असे त्यांनी सुचवले. मी तो सांगितल्यावर मुलांनी शाळेतल्या भांडणांची आणि मोबाइलवर पसरणाऱ्या अफवांची इतकी उदाहरणे दिली की तास संपल्यावरही चर्चा थांबली नाही. आपली परंपरा घरात जपून ठेवण्यापेक्षा ती अशी दुसऱ्यांच्या हाती देता आली, याचा मला मनापासून आनंद झाला.

मंडळीच्या रोजच्या जीवनात मी शिरले ती गीतांमुळे. ‘उपासना संगीत’ हे मराठी गीतांचे पुस्तक हातात घेईपर्यंत नारायण वामन टिळकांची भजने मला फारशी ठाऊक नव्हती. टिळकांनी आपल्या अखेरच्या काळात, 1917 मध्ये, शेजारच्या साताऱ्यातच ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा संघ सुरू केला होता, त्यामुळे या भागातल्या जुन्या ख्रिस्ती घरांत त्यांच्याविषयी वेगळाच जिव्हाळा आहे. अभंगाच्या चालीवर, पेटी-तबला आणि झांजांच्या साथीने येशूचे भजन गाणे हा माझ्यासाठी नवा आणि फार मोलाचा लाभ होता. महिलांच्या सभेत शेजारी बसणाऱ्या मावशी मला प्रत्येक गीताची चाल आधी गुणगुणून देत, आणि पाळकीणबाई न विसरता पुढच्या सभेचे वाचन माझ्याकडे सोपवत.

ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात दर आठवड्याला वेगवेगळ्या घरी प्रार्थना होते, कधी माधवनगरला, कधी कुपवाडला, कधी मिरजेत. कुणाच्या घरी आजारी माणूस आहे, कुणाची नोकरी गेली आहे, हे तिथे कळते आणि मदतीची व्यवस्था त्याच बैठकीत होते. कापणीच्या सणाला सभासद शाळू, हळद, गूळ, तासगावकडचे बेदाणे, घरच्या कोंबड्या असे काय काय आणून वेदीपुढे ठेवतात आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. एकच भोपळा घेणारा तो परत दान करतो आणि पुन्हा बोली लागते, तेव्हा लहान मुलांचा उत्साह पाहण्यासारखा असतो. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी 57 फुटांवर गेली आणि गावभाग, सांगलीवाडी पाण्याखाली गेली, त्या वेळी आम्ही स्त्रियांनी पाळी लावून भाकऱ्या केल्या आणि तरुण संघाच्या मुलांनी त्या पूरग्रस्तांपर्यंत पोहोचवल्या. कोण कोणत्या मंडळीतून आले आहे, हा विषय त्या दिवसांत कुणाच्या ओठावर आला नाही.

बिशपसाहेबांच्या भेटीच्या रविवारी माझ्या मुलीचे दृढीकरण झाले. तिने विश्वासांगिकार मराठीत म्हटला, बिशपसाहेबांनी तिच्या मस्तकावर हात ठेवून प्रार्थना केली, आणि त्याच उपासनेत तिने पहिल्यांदा प्रभुभोजन घेतले. आजी छिंदवाड्याहून आली होती आणि तिने नातीसाठी हिंदीत प्रार्थना केली, ती साऱ्या मंडळीने शांतपणे ऐकली आणि आमेन म्हटले.

दृढीकरणाची नोंद इथल्या वहीत झाल्यावर एक काम उरले होते, आणि त्याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. शिफारसपत्र मिळाल्याची आणि सभासद स्वीकारल्याची पोच मूळ मंडळीला पाठवावी लागते, म्हणजे तिथल्या यादीतून नाव कमी होते आणि एका माणसाची मोजणी दोन ठिकाणी होत नाही. पाळकसाहेबांनी ती पोच माझ्यासमोर लिहिली, तिच्यात मुलीच्या दृढीकरणाची तारीखही नमूद केली आणि एक प्रत माझ्याकडे दिली. आजी परत जाताना मूळ पत्र स्वतःच्या हाताने छिंदवाड्याच्या पाळकसाहेबांना द्यायला घेऊन गेली.